चहा नको, मॅडम

जून उजाडला की भोरच्या बाजारपेठेत दोन तऱ्हेच्या पिशव्या दिसू लागतात. एकीत भाताचं बी असतं, दुसरीत दाखले. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्ही छातीशी धरलेल्या, आणि दोन्ही धरणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. लागंल का? बी लागंल का, नंबर लागंल का. मी वाचनालयाच्या खिडकीशी बसून हे बघत असतो. समोर शकीलभाईंचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म. निकाल लागले की त्यांच्या दाराशी ओल्या चपलांचा ढीग होतो आणि आतून त्यांचा आवाज येत राहतो, "अंगठा हलका ठेव गं बाई. मशीन आहे ते, भाकरी नाही थापायची."

गेल्या वर्षीपर्यंत हीच माणसं त्या दुकानातून निघून सरळ वाचनालयाशेजारच्या आमच्या घरी येत. यंदा येत नाहीत. शकीलभाई त्यांना सांगतात, मॅडम गेल्या. मग ती माणसं पायरीवर थोडा वेळ उभी राहतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि कुठं जावं ते न कळून स्टँडकडं वळतात. हाक मारावी असं मला वाटतं. पण हाक मारून सांगायचं काय?

वसुधा, माझी बायको, इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. शिकवणं हा तिचा पेशा होता, पण भोर-वेल्ह्यात ती ओळखली जायची ती दुसऱ्याच कामासाठी. मुलाचे मार्क, त्याचा प्रवर्ग, मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजचा शेवटचा नंबर कुठं थांबला, यंदाचा पेपर अवघड होता की सोपा, हे सगळं ती मनात एकावर एक ठेवायची आणि सांगायची की या मुलाला ते कॉलेज मिळेल की नाही. मेडिकल असो, इंजिनिअरिंग असो. पासलीहून, पालीहून, नसरापूरच्या हायवेकाठच्या वस्त्यांतून माणसं यायची. मला ती 'मॅडमचे सर' म्हणायची. मी कधीच कुणाचा सर नव्हतो. मी वाचनालयात पुस्तकं देतो, परत घेतो आणि कार्डावर शिक्का मारतो.

तिला एक गोष्ट मात्र जमायची नाही. 'नाही' हा शब्द तिला उंबऱ्यावर सांगवत नसे. "उभ्या माणसाला नाही म्हणू नये," ती म्हणायची, "पडतो तो." नंबर लागणार असेल तर दारातच सांगून मोकळी व्हायची. "लागेल. जा, दाखले तयार ठेवा." माणूस आला तसा पायऱ्या उतरून पळायचा. लागणार नसेल तर ती एक पाऊल मागं सरून म्हणायची, "या, बसा. चहा टाकते." आणि आत जायची. चहा उकळेपर्यंत तिला अवधी मिळायचा. तेवढ्यात ती दुसरी वाट शोधून काढायची. हे नाही, पण ते लागेल. इथं नाही, पण तिकडं लागेल. कप पुढ्यात ठेवताना ती वाट तिच्याजवळ तयार असायची.

लोकांनी वाट लक्षात ठेवली नाही. चहा लक्षात ठेवला. काही वर्षांतच सगळीकडं झालं की मॅडमनी चहा टाकला म्हणजे नंबर गेला. स्टँडवर विचारणा व्हायची, "काय म्हनाल्या मॅडम?" आणि समोरचा मान खाली घालून म्हणायचा, "च्या पाजला." "आरारा!" काही जण दारातूनच हात जोडायचे. "चहा नको, मॅडम! काय असंल त्ये सांगा, पर च्या नको." एक बाई तर सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि गॅसचं बटण फिरवून म्हणाली, "ह्यो आधी बंद. मंग बोला." शकीलभाई मुद्दाम चिडवायचे, "वहिनी, कितीही साखर घाला, तुमच्या घरचा चहा कडूच." ती हसायची. पण जून-जुलैत शेजारीपाजारीही आमच्याकडं चहा घेत नसत. ज्यांच्या घरी बारावीचं मूल नव्हतं, तेही.

'लागणे' हा आपल्या भाषेतला फार कष्टाळू शब्द आहे. रोप लागतं, डोळा लागतो, ठेच लागते, नजर लागते, वेड लागतं. या सगळ्यात आपण करायचं असं काही नसतंच. आपण फक्त थांबायचं. नंबरही लागतोच. आपण तो लावू शकत नाही. पुस्तकांतून माझं आयुष्य गेलं, पण हा शब्द इतका निर्दय असेल हे मला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

गेल्या पावसाळ्याबद्दलच लिहायचं आहे. वर्षश्राद्ध अजून व्हायचंय, आणि तो पावसाळा माझ्यातून अजून गेलेला नाही.

पासलीच्या वर डोंगराच्या सपाटीवर धनगरांची एक वाडी आहे. बबनराव तिथले. म्हशी, शेळ्या, आणि उताराला भाताची थोडी खाचरं. कोमल त्यांची थोरली मुलगी. दहावीनंतर वसुधानं हट्ट धरून तिला भोरच्या वसतिगृहात आणली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेही पुण्याच्या एका सरकारी कॉलेजातच. तिथं प्रवेश मिळणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून जाणं. "तिथंच का गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिथल्या गेटावर कॉलेजचं नाव लई मोठ्या अक्षरात हाय, सर. आमच्या वाडीला बोर्डच न्हाई." वसुधा तिला शुद्ध बोलायला लावायची नाही. म्हणायची, गणिताला 'न्हाई' चालतं.

निकाल आला त्या दिवशी बापलेक आमच्या दारात उभे होते. बबनरावांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद होता, त्यातून पाणी गळत होतं. वसुधाचं आजारपण तेव्हा अंगावर स्पष्ट दिसू लागलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेला, मनगटं बारीक झालेली. तिनं मोबाईल हातात घेतला, मार्क बघितले, परत बघितले. मी मागं उभा होतो. दारातच ती "लागेल" म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली नाही.

"या, बसा," ती म्हणाली.

बबनराव खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दारावर होती. वसुधा मात्र आत गेली नाही. समोर बसून राहिली.

"काठावर आहे, बबनराव."

"म्हंजी?"

"म्हणजे काठावर. फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत नाही लागणार कदाचित. वरची मुलं दुसरीकडं गेली, की जागा खाली सरकतात. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीला लागेल, नाहीतर नाही."

बबनरावांनी बराच विचार केला. मग जरा पुढं वाकून, जणू घरात कुणी झोपलंय अशा आवाजात विचारलं, "पर च्या न्हाई ना?"

"नाही. चहा नाही."

"मंग जमलं!" ते उठलेच. "चल गं. च्या न्हाई म्हनल्यात."

कोमल उंबऱ्यावर क्षणभर रेंगाळली. तिनं वसुधाच्या डोक्याच्या रुमालाकडं पाहिलं आणि काही न विचारता गेली. त्या मुलीला न विचारण्याची कला होती.

मग वाट बघणं सुरू झालं. दोन वाट बघणी एकाच घरात राहायला आली होती. वसुधाच्या तपासण्यांचे निकाल आणि कोमलच्या फेऱ्यांचे निकाल. दोन्हींत आकडे, दोन्हींत कुठली तरी रेघ आणि आपण तिच्या वर की खाली एवढाच प्रश्न. मी वसुधाला पुण्याला घेऊन जायचो तेव्हा नसरापूरच्या पुढं हायवेला लागेपर्यंत दोन्ही बाजूंच्या खाचरांत भात लावणी चाललेली असायची. वाकलेल्या बायकांच्या ओळी. नुकती लावलेली रोपं पिवळी, मान टाकलेली. वसुधा काचेला डोकं टेकून म्हणायची, "उपटलेलं रोप आधी मरतंच, नाही का? मग लागतं." मी हो म्हणायचो. सगळी लागत नाहीत हे तिलाही माहीत होतं.

लावणीसाठी कोमल वाडीवर गेली होती. परत आली तेव्हा पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, चालताना तिरकी पडायची. वाडीवर मोबाईलला रेंज नाही. एका खडकावर उभं राहिलं तरच येते, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. पहिल्या फेरीच्या दिवशी ती त्या खडकावर छत्री धरून उभी होती म्हणे, आणि शेळ्या तिच्या भोवती. नाव आलं नाही. तिनं फोन केला तेव्हा वसुधानं एवढंच म्हटलं, "मी सांगितलं होतंच. खाली उतर, भिजशील."

त्याच आठवड्यात वसुधाला श्वास पुरेनासा झाला आणि पुण्याला दाखल करावं लागलं. ते रुग्णालय कोमलच्या स्वप्नातल्या त्याच कॉलेजचं होतं. मोठ्या अक्षरांच्या त्याच गेटातून आम्ही आत गेलो. कोमल आमच्याबरोबर आली होती. मी बोलावलं नव्हतं. वसतिगृहातून पिशवी घेऊन ती गाडीत येऊन बसली आणि दार लावून घेतलं.

वॉर्डात जागा मिळाल्यावर तिनं वडलांना फोन लावला. व्हरांड्यात उभी राहून ती मोठ्यानं बोलत होती, कारण पलीकडं रेंज तुटत होती. "आबा, ॲडमिट झाल्या... व्हय, ॲडमिट... कुठं म्हंजी, आपल्याच कॉलेजात! पुण्यात! ऐकू येतंय का?" आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

आता 'झाल्या' आणि 'झाले' यांत असा कितीसा फरक. मॅडम ॲडमिट झाल्या. मी ॲडमिट झाले. खडकावर उभ्या असलेल्या माणसाला वाऱ्यात जेवढं ऐकू आलं, तेवढं त्याला हवं होतं तसंच होतं. आणि कॉलेजही तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबनराव वॉर्डाच्या दारात उभे. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला गुलाल, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात घरच्या तुपाचा डबा. पहाटे दुधाच्या टेम्पोतून वेल्ह्याला, तिथून वडापच्या जीपनं नसरापूरला, तिथून एसटीनं पुण्याला. गेटावर त्यांनी विचारलं, "पोरगी ॲडमिट झालीय, कुठं असंल?" आणि कोमलचं नाव विचारत विचारत लोकांनी त्यांना बरोबर आमच्यापर्यंत पोचवलं होतं. रुग्णालयात तो प्रश्न कुणालाच वेगळा वाटला नाही.

कोमल पलंगाच्या कडेला बसून वसुधाला मोसंबी सोलून देत होती. बबनरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग पलंगाकडं, मग आजूबाजूच्या पलंगांकडं.

"ह्यो वर्ग हाय व्हय?" ते हळूच म्हणाले.

कोमलच्या हातातली मोसंबी तशीच राहिली. आणि वसुधा हसली. कित्येक आठवड्यांनी हसली, खोकला येईपर्यंत हसली. नाकातली नळी सावरत म्हणाली, "बबनराव, मी ॲडमिट झाले हो, मी. तुमच्या लेकीच्या आधी माझाच नंबर लागला."

बबनरावांचा चेहरा मला विसरता येत नाही. ते तिथं खाली फरशीवरच बसले. "म्या आख्ख्या वाडीला साखर वाटली की वो, मॅडम," ते म्हणाले. "देवाला गुलाल लावला. धाकटीला म्हनलं, पुढच्या साली तुजा नंबर." मग कोमलकडं वळून, "तू नीट का न्हाई बोल्ली गं?"

"बोल्ले की. रेंज न्हाई त्याला मी काय करू?"

"वाटलेली साखर परत मागायची नसते," वसुधा म्हणाली. "आता नंबर लावावाच लागेल. द्या इकडं तो पेढा." तिला खाण्याची मनाई होती. तिनं कणभर मोडून जिभेवर ठेवला आणि उरलेला मला दिला. पलीकडच्या पलंगावरच्या बाईंनाही पेढा गेला. त्यांनी "कसला?" असं विचारलं, तर वसुधा म्हणाली, "आगाऊ."

त्यानंतर काही दिवसांनी तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. भल्या बाई होत्या. टेबलावर कागद पसरलेले होते, त्यांनी ते गोळा करून बाजूला ठेवले. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा ना. चहा घेणार?"

मी भोरचा माणूस. मला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

"चहा नको, मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज मला ऐकू आला, आणि तो माझा नव्हता. आमच्या दारात हात जोडून उभ्या राहिलेल्या सगळ्या बापांचा, सगळ्या आयांचा तो होता. मी उभाच राहिलो. मला वाटत होतं, बसलो नाही तर त्या सांगणार नाहीत. काय असेल ते सांगा, पण चहा नको. त्यांनी मागवलाच. तो येईपर्यंत त्या बोलत राहिल्या. घरी न्या, त्रास होऊ नये एवढं बघू, काही औषधं देते. तीही दुसरी वाटच होती. वाट दाखवणाऱ्याला दोष नसतो. कप माझ्यासमोर निवत गेला आणि त्यावर साय धरली.

आम्ही तिला भोरला आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खाट लावली, म्हणजे रस्ता दिसेल. श्रावण होता, मध्येच ऊन, मध्येच सर. खाचरं आता पोटऱ्यांपर्यंत आली होती आणि हिरवी दिसत होती. रोपं लागली होती. त्या हिरव्या रंगाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या फेरीत कोमलचं नाव आलं नाही, पण रेघ तिच्या जवळ आली होती. वसुधा मोबाईल छातीवर ठेवून यादी वर-खाली करत बसायची. बोटाला जोर नसायचा. कोमल शेजारी बसून सरकवायची. दोघी आकड्यांतलं काहीतरी हळू आवाजात बोलायच्या, ते मला कळायचं नाही. मी कोपऱ्यात बसून पुस्तक उघडं धरायचो. त्या महिन्यात मी कुठलं पुस्तक वाचलं ते मला सांगता येणार नाही.

एका सकाळी कोमल कॉलेजात कसल्यातरी दाखल्यासाठी गेलेली असताना मी वसुधाला विचारलं, "खरं सांग. लागेल का तिचं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. शकीलभाईंच्या बायकोनं रस्त्यावरून हात हलवला, हिनं बोटं हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अहो, चहा टाका."

मी आत गेलो. पातेल्यात पाणी ओतलं. हे कोमलबद्दलचं उत्तर आहे? की तिच्या स्वतःबद्दलचं, जे डॉक्टरबाईंनी मला सांगितलेलं तिला न सांगताच कळलं होतं? की तिला, साध्या माणसाला सकाळी हवा असतो तसा, चहा हवा होता? इतक्या वर्षांत तिच्या चहाचा अर्थ लावण्यात माझी कधी चूक झाली नव्हती. कप घेऊन बाहेर आलो तेव्हा तिचा डोळा लागला होता. मी कप झाकून ठेवला. जाग आल्यावर तिनं चहाचं काही काढलं नाही, आणि मी विचारलं नाही.

भात निसवून लोंब्या बाहेर पडायच्या आत ती गेली.

तिसरी फेरी तिचा दहावा झाल्यावर लागली. कोमलचं नाव नव्हतं. शेवटी उरल्यासुरल्या जागांची फेरी असते, तिथंही नव्हतं. रेघ तिच्या अगदी पायाशी येऊन थांबली होती, इतकी जवळ की पाऊल उचललं असतं तर ओलांडली असती. पण हे पाऊल उचलायचं नसतं, रेघेनं सरकायचं असतं. बबनराव वाचनालयात आले, पुस्तकांच्या कपाटांकडं बघत राहिले. "आनिक येक साल देतो तिला," ते म्हणाले. "पुढं धाकटीला हितं आनायचीय. दोगी हितं आल्या तर डोंगरावर म्हशींमागं कोन? येकच साल, सर."

ते एक साल कोमल वाचनालयाच्या मागच्या टेबलाशी बसली. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर असायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. वसुधाची पुस्तकं मी तिच्यासाठी घरून आणली होती, त्यांच्या समासांत वसुधाच्या पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या. कधीकधी कोमल एखाद्या खुणेवर बोट ठेवून बसलेली दिसायची. आणि मी, ज्याला आयुष्यभर आकड्यांचं भय होतं, तो रोज थोडं थोडं वसुधाचं काम शिकत गेलो. कुठल्या प्रवर्गाचा शेवटचा नंबर कुठं थांबतो, जागा कशा खाली सरकतात, पेपर सोपा गेला की रेघ कशी वर चढते. कशासाठी शिकतोय ते मी स्वतःला विचारलं नाही. गेलेल्या माणसाचा स्वेटर कुणी घालतं, तसं मी ते आकडे अंगावर घालत होतो.

म्हणून यंदाचा निकाल आला तेव्हा मला कुणाला विचारावं लागलं नाही. कोमलचे मार्क गेल्या वर्षीपेक्षा वाढले होते. पण सगळ्यांचेच वाढले होते. मी यादी पुन्हा पुन्हा लावून बघितली. वरची मुलं कितीही गेली, कुठंही गेली असं धरलं तरी रेघ तिच्यापर्यंत येत नव्हती. या वेळी काठावरसुद्धा नव्हतं. मी चष्मा पुसून परत बघितलं, जसं काही चष्म्याचाच दोष असेल.

काल दुपारी ते बापलेक आमच्या घरी आले. तोच प्लॅस्टिकचा कागद, तेच गळणारं पाणी. शकीलभाईंच्या दुकानातून माणसं इकडं बघत होती. कारण यंदाच्या जूनमध्ये आमच्या पायऱ्या चढणारे ते पहिलेच होते. बबनराव उंबऱ्याबाहेर थांबले.

"सर, लागंल का?"

मी दारात उभा होतो, ती उभी राहायची तिथं. तोंड उघडलं. नाही हा एवढासा शब्द. मला तो सांगवेना.

"या," मी म्हणालो, "बसा. चहा टाकतो."

बबनराव जिथं होते तिथंच थिजले. कोमलनं खाली बघितलं. मग बापाच्या कोपराला धरून तिनं त्यांना आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

मी पातेलं ठेवलं. पाणी, साखर, पावडर, आलं. आता मला दुसरी वाट शोधायची होती. तेवढाच अवधी होता. मी वर्षभर शिकलेलं सगळं आठवू लागलो. हे नाही, पण ते. इथं नाही, पण तिकडं. लांबच्या जिल्ह्यातली कॉलेजं, तिथंही रेघ वरच होती. आयुर्वेदाचं सरकारी, तेही नाही. खाजगीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. दूध ओतलं. वसुधाला हे कसं सुचायचं? ती इथंच उभी राहायची, याच ओट्याशी, आणि कप भरेपर्यंत तिला काहीतरी सापडायचं. मला काही सापडत नव्हतं. मी तिचे आकडे शिकलो होतो, तिची वाट शिकलो नव्हतो. चहा वर आला, आणि मी तो वर येताना बघत राहिलो.

मागून हात आला आणि गॅस बारीक झाला. कोमल होती.

"उतू जातोय, सर."

"कोमल, मला काही..."

"त्या कॉलेजाच्या आवारात नर्सिंगचं कॉलेज हाय," ती म्हणाली. "मॅडम हुत्या त्या वॉर्डाच्या मागं. पिवळी इमारत. मी तवाच बघून ठेवली हुती. त्याची परीक्षापन दिलीय मी यंदा. शकीलचाचांनी फॉर्म भरला." तिनं ओढणीच्या टोकानं पातेल्याची कड पुसली. "त्यात लागंल का?"

तिनं मोबाईल पुढं केला. मी मार्क बघितले. पुन्हा बघण्याची गरज नव्हती.

"लागेल," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द कुणाला तरी सांगत होतो. तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "मंग ॲडमिट तर हुईन," ती म्हणाली, आणि कप काढायला फडताळाकडं वळली.

मी चहा बाहेर नेला. बबनरावांच्या पुढ्यात कप ठेवला. कोमलनं उभ्या उभ्या त्यांना सांगितलं. नर्सिंग. तेच गेट. सर म्हणतात लागेल.

"म्हंजी डाक्टर न्हाई," बबनराव म्हणाले.

"न्हाई, आबा."

रस्त्यावरून एसटी गेली, खिडकीची काच थरथरली. जिथं वसुधाची खाट होती तिथं आता काही नाही, नुसती जागा आहे. बबनराव त्या जागेकडं बघत होते. मग त्यांनी कप उचलला. बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तोंडाला लावली. मी बघत होतो. आमच्या घरी असा चहा पुढ्यात आलेल्या माणसानं तो कधी सगळा संपवलेला मला आठवत नाही. बहुतेक जण एखादा घोट घेऊन उठायचे. बबनरावांनी बशी संपवली, कपातला उरलेला ओतला, तोही संपवला. मिशांवरून हात फिरवला.

"म्या मॅडमच्या हातचा च्या कदी घेतलाच न्हाई, सर," ते म्हणाले. "लई भ्या वाटायचं."

त्यांनी रिकामा कप माझ्याकडं केला.

"आनिक अर्धा असंल तर द्या की."